नैतिक उत्तरदायित्व आणि क्षमा (निरीश्वरवादी व ख्रिस्ती विचार)

नैतिक उत्तरदायित्व म्हणजे स्वतःच्या कृतीबद्दल जाब देण्याची माणसावरील बांधिलकी. हा जाब कोणाला द्यायचा आणि झालेल्या अन्यायाची क्षमा करण्याचा अधिकार कोणाचा, याविषयी निरीश्वरवादी व ख्रिस्ती विचारांत मूलभूत मतभेद आहे. महाराष्ट्रात हा वाद एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या आदिवासीबहुल तालुक्यांच्या संदर्भात तो केवळ तात्त्विक राहत नाही.

ख्रिस्ती भूमिका

ख्रिस्ती मतानुसार पाप हे माणसाप्रमाणेच देवाविरुद्धही घडते. म्हणून अंतिम न्याय देवाचा आणि क्षमा ही त्याची कृपा, पुण्य साठवून मिळणारे फळ नव्हे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंवर लंडनमधील फुलहॅम येथे 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीचा खोल परिणाम झाला. समाजाने ज्यांना कायमचे टाकले, त्यांना तेथे पुन्हा माणूस म्हणून उभे केले जात होते.

क्षमा मिळाली की हिशेब संपतो, असा मात्र या मताचा अर्थ नाही. लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय हा जकातदार लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन देतो. कॅथलिक परंपरेतही पापकबुलीनंतर शक्य तेवढी नुकसानभरपाई करणे अपेक्षित असते. टीकाकार हा भाग बहुधा वगळतात.

निरीश्वरवादी भूमिका

'सुधारक' पत्राचे (१८८८) संस्थापक गोपाळ गणेश आगरकर यांनी नीतीचा आधार धर्माज्ञेत न शोधता मानवी बुद्धीत व समाजहितात शोधला. ते निरीश्वरवादी की अज्ञेयवादी, यावर मतभेद आहेत. विसाव्या शतकात अभिनेते श्रीराम लागू यांनी परमेश्वराला निवृत्त करण्याची भूमिका जाहीरपणे मांडली. या पक्षाचा मुख्य आक्षेप असा, की ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या वतीने अन्य कोणी, अगदी देवही, क्षमा करू शकत नाही. शिवाय मरणोत्तर न्यायाच्या भरवशावर इहलोकीचा न्याय लांबणीवर पडतो.

जव्हार-मोखाडा

येथील वारली, कोकणा, महादेव कोळी व कातकरी समाजांतील बहुसंख्य लोक या दोन्ही मतांच्या बाहेर आहेत. हिरवा, नारनदेव, वाघदेव ही त्यांची दैवते. तरी वाद याच भूमीवर कसाला लागतो. १९४५ मध्ये गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने डहाणू-तलासरी भागात वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला. 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात गोदावरीबाईंनी त्याचा वृत्तांत दिला आहे. नेतृत्व मार्क्सवादी असले तरी लढणारे वारली आपली दैवते सोडून आले नव्हते. येथे जमीनदाराला जाब विचारला तो मजुरांनी आणि त्याच्या हयातीतच.

जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२-९३ मध्ये कुपोषणामुळे झालेल्या बालमृत्यूंचा प्रश्न अधिक अवघड आहे. उपेक्षा अनेकांची, त्यामुळे पश्चात्ताप करणारा एक कोणी सापडत नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायातील न्यायप्रसंगात भुकेल्याला अन्न न देणे हाच दोष ठरतो. ख्रिस्ती विचारातील 'न केलेल्या कृतीचे पाप' या कल्पनेला त्याचा आधार आहे. निरीश्वरवादी हीच जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकतात. संविधानाच्या अनुच्छेद ४७ नुसार पोषणमान उंचावणे हे राज्याचे कर्तव्य आहे, परंतु मार्गदर्शक तत्त्व असल्याने केवळ त्याच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नाही.