स्टीन नावाचे द्राक्ष आणि बंगालची अन्सेला

(धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.)

नाशिकच्या वाइनच्या बाटलीवर ‘शेनिन ब्लां’ हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी वाचले असेल. सुलाने १९९७ मध्ये ही पांढऱ्या वाइनची द्राक्षे लावली आणि २००० साली त्यांच्या पहिल्या बाटल्या बाजारात आणल्या. हे द्राक्ष मूळचे फ्रान्सचे. पण त्याची सर्वाधिक लागवड आज दक्षिण आफ्रिकेत आहे, आणि तेथे सुमारे तीनशे वर्षे त्याला त्याच्या मूळ नावाने कोणी ओळखतच नव्हते. तेथे ते होते ‘स्टीन’.

शेनिनचे माहेर म्हणजे पश्चिम फ्रान्समधील ल्वार नदीचे खोरे. आंजू आणि तुरेन या प्रांतांत ते शतकानुशतके पिकते. फ्रान्स्वा राबले याच्या १५३० च्या दशकातील ‘गार्गांच्युआ’ या विनोदी कादंबरीत रोट्यांवरून मारामारी होते आणि जखमी मेंढपाळाचे पाय शेनिनच्या टपोऱ्या द्राक्षांनी शेकले जातात. तो लगेच बराही होतो! वैद्यकाचे सोडा, पण त्या काळच्या वाचकाला हे नाव समजावून सांगावे लागत नव्हते, एवढे यातून निश्चित कळते.

या द्राक्षाचा मोठा गुण म्हणजे त्याची आंबटाई. उष्ण हवेतही ती सहसा ढळत नाही. म्हणून त्यापासून कोरडी, गोड, फेसाळ अशी हर प्रकारची वाइन होते. ती ऊर्ध्वपातित करून ब्रँडीही काढता येते. केपच्या उन्हात ते रुजले याचे हेही एक कारण.

१६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या यान फान रीबेकने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी ठाणे वसवले. आपल्या वेंगुर्ल्याला वखार घालणारी हीच ती कंपनी. आशियाकडे जाणाऱ्या जहाजांना पाणी, मांस आणि भाजीपाला पुरवणे हे त्या ठाण्याचे काम. लांबच्या प्रवासात खलाशी स्कर्व्हीने मरत आणि वाइन त्यावर उपयुक्त असल्याची तेव्हा समजूत होती. १६५५ मध्ये युरोपातून द्राक्षाच्या काड्या आल्या. २ फेब्रुवारी १६५९ रोजी केपच्या द्राक्षांपासून प्रथमच वाइन तयार झाल्याची नोंद रीबेकने देवाचे आभार मानून आपल्या रोजनिशीत केली. स्टीन ही तेथील सर्वांत जुन्या जातींपैकी एक.

शाळकरी इतिहास बहुधा येथे थांबतो. पण काड्या रोवल्या कोणी?

या पहिल्या वाइनच्या आदल्याच वर्षी, १६५८ मध्ये, ‘आमर्सफोर्ट’ आणि ‘हासेल्ट’ ही दोन जहाजे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गुलाम घेऊन केपला पोहोचली. त्यानंतर मादागास्कर, मोझांबिक, इंडोनेशियाची बेटे आणि भारत येथून माणसे येत राहिली. १८०८ मध्ये ब्रिटिशांनी गुलामांची आयात थांबवली तोपर्यंत साठ हजारांहून अधिक गुलाम आणले गेले आणि त्यांतील सुमारे चतुर्थांश भारतीय उपखंडातील होते, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. मुख्यतः बंगाल, मलबार आणि कोरोमंडलचे. केपच्या वाइनचा इतिहास सांगताना पुष्कळदा १६८८ मध्ये आलेल्या फ्रेंच प्रोटेस्टंट निर्वासितांचे कौतुक होते. त्यांचे कौशल्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु कुदळ आणि छाटणीची कोयती ज्यांच्या हाती होती त्यांना त्या कथेत फार थोडी जागा मिळते, हे मला पटत नाही.

त्यांच्यापैकी एकीचा माग कागदपत्रांत लागतो. बंगालची अन्सेला. ती १६५० च्या दशकात केपला आणली गेली आणि खुद्द रीबेकच्या घरी गुलाम होती. १६६६ मध्ये ती आपल्या मुलांसह मुक्त झाली आणि पुढे तिने एका युरोपीय माणसाशी विवाह केला. तिची मुलगी आना द कोनिंग हिचा विवाह कंपनीतील स्वीडिश अधिकारी ओलोफ बेर्ग याच्याशी झाला. बेर्गने १७१६ मध्ये कॉन्स्टान्शियाचा मळा विकत घेतला. पुढे युरोपच्या राजवाड्यांत ज्याची गोड वाइन गाजली तोच हा मळा. (ती कीर्ती मात्र मुख्यतः मस्कट द्राक्षाची, स्टीनची नव्हे.) १७२४ मध्ये बेर्ग वारला आणि गुलाम म्हणून जन्मलेली आना त्या मळ्याची मालकीण झाली. तिच्या पदरीही गुलाम होते. इतिहासाने येथे आपली सोय पाहिलेली नाही.

१८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. सक्तीच्या ‘उमेदवारी’तून सुटका व्हायला १८३८ उजाडले. पण मळ्यांवर ‘डॉप’ पद्धत टिकली: मजुराच्या वेतनाचा काही भाग हलक्या वाइनच्या रूपात, दिवसातून अनेकदा पेल्याने मोजून द्यायचा. मजूर व्यसनाला बांधला गेला की मळ्यालाही बांधला जाई. विसाव्या शतकात बंदी आल्यावरही काही ठिकाणी हे चालूच राहिले. गर्भावस्थेत मद्याचा परिणाम झालेल्या मुलांचे प्रमाण जगात जेथे सर्वाधिक नोंदले गेले, त्यांत पश्चिम केपचा प्रदेश येतो.

याच काळात स्टीन भरघोस उत्पन्नाचे, ब्रँडीच्या भट्टीत जाणारे, कोणीही फारसे न गौरवलेले द्राक्ष होते. १९५९ मध्ये ‘लिबरस्टाइन’ नावाची स्वस्त, किंचित गोड वाइन आली. तिच्यात स्टीनचा मोठा वाटा होता. पहिल्या वर्षी तीस हजार लिटर विकली गेलेली ही वाइन १९६४ मध्ये तीन कोटी दहा लाख लिटरवर गेली!

आणि त्याच दशकात स्टेलेनबॉश विद्यापीठाचे प्राध्यापक ऑर्फर यांनी स्टीनची पाने फ्रान्सच्या द्राक्षजातींशी ताडून पाहिली. पानाच्या कडेचे दाते, देठाजवळची खाच, घडाचा आकार जुळवल्यावर निष्कर्ष स्पष्ट होता. स्टीन म्हणजेच शेनिन ब्लां.

हे शक्य झाले त्याचे कारण नाशिकचा कोणताही बागाईतदार सांगेल. द्राक्षाची बाग बियांपासून होत नाही, काडीपासून होते. काडीतून उगवलेली वेल मूळ वेलीचीच प्रत असते. त्यामुळे नाव विसरले तरी ओळख पानावर शिल्लक राहते. आता या द्राक्षाला प्रतिष्ठाही लाभली आहे. पस्तीस वर्षांहून जुन्या मळ्यांच्या बाटल्यांवर लागवडीच्या वर्षाची मोहोर लागते आणि अशा जुन्या वेलींत शेनिन अग्रभागी आहे.

मजुरांच्या बाबतीत अशी पडताळणी होऊ शकत नाही. केपला उतरताच त्यांची मूळ नावे गेली. मालमत्तेच्या याद्यांत पिंपे आणि बैल यांच्या शेजारी ती माणसे ‘अमुक फान बंगालन’, ‘तमुक फान मलबार’ अशी भेटतात. ‘अमुक’च्या जागी कधी टायटस किंवा क्युपिडो असे रोमन नाव, तर कधी चक्क महिन्याचे नाव. अन्सेलाला तिच्या आईने कोणत्या नावाने हाक मारली असेल, ते कोणत्याही कागदात नाही.

केपटाउनमध्ये आजही सप्टेंबर, फेब्रुवारी आणि एप्रिल ही आडनावे आढळतात.