चर्चमधला कवडसा

यंदा दिवाळी कधी, हे आपण पंचांगात पाहतो. ते पंचांग कोणत्या वेधांवरून रचले, याची विचारपूस सहसा करीत नाही. ख्रिस्ती लोकांच्या ईस्टरचेही तसेच. वसंतसंपातानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार तो ईस्टरचा. सण धर्माचा, पण किल्ली सूर्यचंद्रांच्या हाती! जुनी कालगणना दहा दिवस मागे पडली, तेव्हा तेराव्या ग्रेगरी पोपने १५८२ साली ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर मोजावयास लावला.

याच पोपांच्या रोममध्ये १६३३ साली, पृथ्वी फिरते असे प्रतिपादणाऱ्या वृद्ध गॅलिलिओला गुडघे टेकून आपले मत सोडावे लागले. त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. परंतु विज्ञान आणि चर्च म्हणजे साप-मुंगूस, असे म्हणून मोकळे होणाऱ्यांनी बोलोन्याला एकदा जाऊन यावे.

पोपच्याच सत्तेखालील या शहरात १६५५ साली, म्हणजे अवघ्या बावीस वर्षांनी, कॅसिनी नावाच्या तिशीतल्या ज्योतिर्विदाने सान पेत्रोनियो या भव्य चर्चच्या छताला भोक पाडले. चोरून नव्हे, रीतसर परवानगीने! भोक सुमारे २७ मीटर उंचीवर. खाली फरशीवर सुमारे ६७ मीटर लांबीची दक्षिणोत्तर रेषा. रोज मध्यान्ही सूर्याचा कवडसा ती ओलांडी; उन्हाळ्यात भोकाच्या जवळ, हिवाळ्यात दूर. खांबांच्या गर्दीतून वाट काढणारी ही रेषा आखणे सोपे नव्हते. उंच, अंधारे चर्च म्हणजे जणू एक प्रचंड दुर्बीणच झाली.

हेतू संपाताचा दिवस अचूक ठरविण्याचा. पण कॅसिनीने कवडशाची रुंदीही मोजली. सूर्य हिवाळ्यात जलद चालतो, उन्हाळ्यात मंद. हा फरक केवळ अंतरामुळे भासत असेल, तर बिंबही त्याच प्रमाणात लहानमोठे दिसले पाहिजे. ते जवळजवळ निम्म्यानेच बदलले. उरलेला फरक गतीचा, आणि तो खरा! केप्लरने हेच सांगितले होते. आणि केप्लर तर कोपर्निकसचा कट्टर अनुयायी, शिवाय प्रॉटेस्टंट. पृथ्वी फिरते, एवढे मात्र यातून सिद्ध होत नव्हते. कॅसिनीनेही तो विषय शहाणपणाने टाळला.

गॅलिलिओचा ग्रंथ निषिद्ध पुस्तकांच्या यादीतून गेला तो १८३५ साली. तोवर एकशेऐंशी वर्षे सान पेत्रोनियोत कवडसा रेषा ओलांडीतच होता.