पन्हळ, तलाव आणि राडारोडा

चंदीगढच्या विधानभवनाच्या दर्शनी मंडपाचे छप्पर म्हणजे एक अवाढव्य पन्हळ आहे. कौलारू घराच्या वळचणीला आपण पत्र्याची पन्हळ लावतो, तिचाच आकार काँक्रीटमध्ये शेकडो पटींनी वाढवावा तसे ते दिसते. पावसाचे पाणी तिथे गोळा व्हावे, टोकांकडून खाली यावे आणि समोरच्या उथळ हौदांत इमारतीचे प्रतिबिंब पडावे, अशी ल कॉर्बुझिएची योजना. उच्च न्यायालयासमोरही असाच हौद आहे. पाणी येथे स्थिर आहे. त्याने वाहायचे नाही, इमारत दाखवायची.

या भागाला पाण्याची दुसरी रीत ठाऊक नव्हती असे नाही. विसेक किलोमीटरवरच्या पिंजोरला औरंगजेबाच्या काळात फिदाई खानाने बाग वसवली. तिथे पाणी एका पायरीवरून दुसरीवर उतरत जाते आणि माणूसही त्याच्या सोबतीने उतरतो. नव्या राजधानीने मात्र ही रीत उचलली नाही.

फाळणीत लाहोर गेले, म्हणून पंजाबला राजधानी हवी होती. कॉर्बुझिए 1951च्या फेब्रुवारीत आला. पॅरिसच्या त्याच्या कार्यालयात पुण्यात जन्मलेले तरुण बाळकृष्ण दोशी चंदीगढचे नकाशे काढत होते. देशात पोलाद महाग, यंत्रे थोडी, माणसे मात्र पुष्कळ. त्यामुळे जगातल्या सर्वांत आधुनिक म्हणवल्या जाणाऱ्या इमारतींचे काँक्रीट बायकांनी डोक्यावरच्या घमेल्यांतून वर चढवले. सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे गिलाव्याखाली झाकले नाहीत, ते भिंतींवर आजही दिसतात. बाकी शहर मुख्यतः विटांचे. पिएर जानरेने घरांच्या भिंतींत नदीतले गोटेही बसवले. साध्या, जवळ मिळणाऱ्या सामानाची जाण त्याला कॉर्बुझिएपेक्षा अधिक होती, असे मला वाटते. विद्यापीठातले त्याचे गांधी भवन पाण्यात उभे आहे आणि कॅपिटॉलच्या मानाने पुष्कळच मृदू आहे.

1958 साली शिवालिक टेकड्यांतून येणाऱ्या सुखना चोवर बांध घालून सुमारे तीन चौरस किलोमीटरचा तलाव केला गेला. ‘चो’ म्हणजे पावसाळ्यात धावणारा आणि एरवी कोरडा पडणारा ओढा. बांधावर मोटारी आणायच्या नाहीत, ही कॉर्बुझिएची अट. शहराला मिळालेली ही सर्वांत चांगली जागा, आणि ती टिकली त्या अटीमुळे. पण शिवालिकची माती भुसभुशीत. ओढा पाण्याबरोबर गाळ आणी आणि तलाव उथळ होत जाई. वरच्या भागात झाडे लावली गेली, 1974मध्ये तर ओढाच तलावाला वळसा घालून नेला. त्याने गाळाला आळा बसला, पण ज्या ओढ्यासाठी बांध घातला तोच तलावाबाहेर गेला. पुढे नागरिकांनी श्रमदान करून गाळ उपसला. जानरे 1967 साली जिनिव्हात वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे अस्थी याच तलावात सोडल्या गेल्या.

शहर उभे राहत होते त्या जमिनीवर गावे होती. ती उठवली गेली. घरे पाडली की उरते काय? फुटक्या विटा, खापऱ्या, चुलीचे दगड, बांगड्यांचे तुकडे. हा राडारोडा एका माणसाने सायकलवरून वाहून नेला. नेकचंद सैनी स्वतःच फाळणीने उखडलेला. त्याचे गाव शकरगढ भागातले, आता पाकिस्तानात. तो सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्याच्या कामावर निरीक्षक होता. तलावाजवळच्या राखीव जंगलात बांधकामाला बंदी असताना, 1957-58च्या सुमारास त्याने झुडपे साफ केली आणि नोकरीची वेळ संपल्यावर तिथे काम सुरू केले. आधी टेकड्यांतले, ओढ्यांतले चित्रविचित्र दगड मांडले, मग मूर्ती घडवल्या.

त्याची पद्धत समजण्यासारखी आहे. सायकलचे जुने भाग, सळ्या, नळाचे तुकडे यांचा सांगाडा, त्यावर वाळू-सिमेंटचा थर, आणि थर ओला असतानाच त्यात दाबलेल्या बांगड्या, कपबशांचे तुकडे, बाथरूमच्या फरशा. भिंतींसाठी डांबराची रिकामी पिंपे, विजेच्या कामातल्या चिनी मातीच्या वस्तू, मडकी. रस्त्याच्या कामावरच्या माणसाला यातले काय कुठे टाकून दिले जाते ते नेमके ठाऊक असणार. कॉर्बुझिएच्या काँक्रीटवर फळीची खूण आहे, नेकचंदच्या काँक्रीटवर कुणाच्या तरी हातातली बांगडी आहे.

1970च्या दशकात सरकारी माणसांना याचा पत्ता लागला. नियमाने सगळे पाडायला हवे होते. पण बघायला लोकांची रीघ लागली आणि 1976 साली ती जागा बाग म्हणून खुली झाली. नेकचंदला पगार आणि पन्नास मजूर मिळाले. पुढच्या टप्प्यात त्याने पाणी आणले. पंपाने वर चढवलेले पाणी कड्यांवरून कोसळते, ओहोळ होऊन वाटेच्या कडेने जाते. वाटा अरुंद, दारे इतकी बुटकी की मान वाकवावीच लागते. पुढचे काही दिसत नाही, आधी पाण्याचा आवाज येतो. सरळ रस्त्यांच्या शहरात वळण घेणारी ही जागा लोकांनी आपली मानली. 1984 साली त्याला पद्मश्री मिळाली.

कागदावर पाहिले तर कॅपिटॉल ही सार्वजनिक जागा आणि बाग हे अतिक्रमण. प्रत्यक्षात विधानभवन आणि न्यायालय यांच्यामधले चारशे मीटरहून मोठे फरसबंद पटांगण बहुतेक वेळ रिकामे असते. उन्हाळ्यात दुपारी ते पायी ओलांडणे ही शिक्षाच. त्यातही सुरक्षेमुळे ओळखपत्र दाखवून, वाटाड्याबरोबर ठरल्या वेळीच आत जाता येते. 2016पासून हा भाग युनेस्कोच्या यादीत आहे. पाहणारे मात्र रोज हजारोंनी बागेतच जातात.

तरीही रस्त्याची नजर बागेवरच. 1990च्या सुमारास मान्यवरांच्या वाहनांसाठी तिच्यातून रस्ता काढायचे ठरले. लोक बुलडोझरसमोर साखळी करून उभे राहिले आणि यंत्रे परत गेली. 1996मध्ये नेकचंद परदेशी असताना बागेत मोडतोड झाली, तेव्हा सांभाळण्यासाठी लोकांनीच संस्था काढली. तो 2015च्या जूनमध्ये गेला. 2025च्या सुरुवातीला उच्च न्यायालयाकडचा रस्ता रुंद करण्यासाठी आणि गाड्या लावायच्या जागेसाठी बागेच्या भिंतीचा एक भाग पाडण्यात आला. निषेध झाला, पण या वेळी भिंत आधीच खाली आली होती.