वाळवंटांतील हिरवी रेघ

पाल म्हटली कीं आपल्या घरांत तिच्याविषयीं फारसें चांगलें बोललें जात नाहीं. ती चुकचुकली तर मनांत शंका, आणि अंगावर पडली तर पंचांगांतील पल्लीपतनाचें पान उघडावयाचें! परंतु या उपेक्षित प्राण्याच्या एका दूरच्या आप्तानें २०२१ सालीं शास्त्रज्ञांना चकित केलें. त्याची हकीकत मात्र त्याहून बरीच जुनी आहे.

आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यास लागून नामिबचें वाळवंट पसरलेलें आहे. पाऊस तेथें जवळजवळ नाहींच. समुद्रावरून येणारें धुकें हेंच काय तें पाणी. तेथील वाळूंत राहणारी ही पाल वीतभरही लांब नसते. तिची कातडी इतकी पातळ कीं आंतील अवयवांची छाया बाहेरून दिसावी. आणि बोटांमध्यें बदकाच्या पायासारखा पडदा. बदक त्या पडद्यानें पाणी लोटतें, ही पाल त्यानें वाळू उकरते व भुसभुशीत वाळूंत न रुततां चालते. तिला पापण्या नाहींत. डोळ्यांवर सांचलेलें दंव ती जिभेनें पुसून पिते. दिवस बिळांत काढावयाचा आणि रात्रीं बाहेर पडावयाचें, असा तिचा क्रम.

१९०८ सालीं स्वीडनचे प्राणिशास्त्रज्ञ लार्स गाब्रिएल आंदर्सन यांनीं जर्मनींतील वीसबाडेनच्या संग्रहालयांत आलेल्या नमुन्यावरून तिचें प्रथम वर्णन केलें आणि तिला ‘पाल्माटोगेको रांगेई’ असें नांव दिलें. (२००५ पासून तिची गणना ‘पॅकिडॅक्टिलस’ या मोठ्या प्रजातींत होऊं लागली.) नांवाचा उत्तरार्ध पॉल रांगे या गृहस्थांचा. हे त्या वेळच्या जर्मन वसाहतींत, ल्यूडेरिट्स बंदरीं, सरकारी भूगर्भशास्त्रज्ञ होते. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं एप्रिल महिन्यांत झकारियास लेवाला नांवाच्या एका मजुराला रेल्वेच्या रुळांवरील वाळू उपसतांना एक चकाकणारा खडा सांपडला. त्यानें तो आपले वरिष्ठ आउगुस्ट श्टाउख यांच्या हातीं दिला, आणि हा हिराच आहे असा निर्वाळा रांगे यांनीं दिला. श्टाउख धनाढ्य झाले. रांगे यांचें नांव पालीला मिळालें. लेवालाच्या वांट्याला त्या हिऱ्यांतलें कांहींच आलें नाहीं.

आणि ते रूळ तरी कोणीं टाकले? १९०४ ते १९०८ या काळांत जर्मन सत्तेनें हेरेरो व नामा या लोकांचा संहार केला. त्या वेळचा कैद्यांचा एक तळ ल्यूडेरिट्सजवळच्या शार्क बेटावर होता. तेथील कैदी या लोहमार्गाच्या कामाला जुंपले गेले, आणि शेंकड्यांनीं मेले. पालीच्या लॅटिन नांवांत यांतलें कांहींच दिसत नाहीं.

हिरा पारखणाऱ्याचें नांव धारण करणाऱ्या या पालीच्या अंगावरील तेज मात्र पुढें शंभरांहून अधिक वर्षें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. तें पाहण्यास जो प्रकाश लागतो तो दिवसाच्या उजेडांत वेगळा काढावा लागतो, आणि ती युक्ति साधण्यास माणसाला पुष्कळ काळ लागला.

१५६५ सालीं सेव्हिलचे वैद्य निकोलास मोनार्देस यांनीं नोंदविलें होतें कीं, मेक्सिकोहून येणाऱ्या एका औषधी लाकडाचा काढा निळा दिसतो. १८४५ त जॉन हर्शेल यांना कोयनेलच्या पाण्याच्या पृष्ठभागावर तशीच निळी झांक आढळली. पाणी आरपार पाहिलें तर अगदीं स्वच्छ! हें कोडें १८५२ त केंब्रिजच्या जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनीं उलगडलें. लोलकानें सूर्यप्रकाशाचे रंग पाडून त्यांतून त्यांनीं कोयनेलच्या द्रावाची नळी सरकवीत नेली. बहुतेक रंगांत कांहीं घडलें नाहीं. जांभळ्याच्या टोकाशीं निळी झांक उमटूं लागली. आणि जेथें जांभळाही संपतो, डोळ्यांना अंधार वाटतो, तेथेंही नळी निळी उजळलेलीच राहिली. न दिसणारे ‘जंबुपार’ किरण द्रावानें घेतले होते आणि दिसणारा प्रकाश परत दिला होता. फ्लुओरस्पार या खनिजावरून स्टोक्स यांनीं या गुणाला ‘फ्लुओरेसन्स’ म्हटलें. मराठींत त्याला प्रतिदीप्ति म्हणतां येईल. काजवा स्वतःचा प्रकाश निर्माण करतो. प्रतिदीप्त वस्तु तो उसना घेते. मात्र रुपया घेऊन पंधरा आणे परत करावे, तसा परतीचा प्रकाश कमी शक्तीचा असतो.

१९०३ मध्यें अमेरिकेच्या रॉबर्ट वूड यांनीं दृश्य प्रकाश अडवून जंबुपार तेवढा सोडणारी काच तयार केली, आणि हा शोध प्रयोगशाळेबाहेर पडला. १९५४ त विंचू या प्रकाशांत हिरवट चमकतात असें प्रसिद्ध झालें. २०१७ त दक्षिण अमेरिकेंतील एक बेडूक, २०१८ त मादागास्करचे सरडे: त्यांचीं हाडेंच कातडींतून निळीं उजळत होतीं. सरड्यांचा शोध लावणारे म्युनिकचे डेव्हिड प्रोट्झेल व त्यांचे सहकारी, यांनींच जानेवारी २०२१ मध्यें नामिबच्या पालीवरचा निबंध प्रसिद्ध केला.

जंबुपार दिव्याखालीं या पालीच्या कुशींवरून एक झगझगीत हिरवी रेघ धांवते, आणि डोळ्यांभोंवतींही तसेंच कडें दिसतें. येथें हाडांचा संबंध नाहीं. कातडींतील विशिष्ट रंगपेशींच्या ठिकाणीं तें तेज आहे. वरच्या थरांतील पेशी उजळतात, खालच्या थरांतील पेशी बहुधा आरशाचें काम करून तो प्रकाश बाहेर फेंकतात. सर्वांत प्रखर प्रकाश ५१६ नॅनोमीटर लहरीचा, म्हणजे हिरवा. घेतलेल्या शंभर प्रकाशकणांमागें साडेबारा परत येतात. जिवंत कातडीच्या मानानें हें प्रमाण मोठेंच. या पेशींत ग्वानीनचे स्फटिक असतात. खरें प्रतिदीप्त द्रव्य कोणतें, हें त्या निबंधानें पुढील संशोधनावर सोंपविलें.

मग या रेघेचा पालीला उपयोग काय? निबंधकारांचा तर्क असा: चांदण्यांत निळसर किरण असतात, त्यांनीं ही रेघ उजळते आणि उघड्या वाळूंत एकमेकींपासून दूर विखुरलेल्या पालींना ती ओळखतां येते. रेघ कुशीच्या खालच्या अंगाला असल्यामुळें वाळूशीं डोळे टेकलेल्या दुसऱ्या पालीला ती समोर दिसावी. वरून झडप घालणाऱ्या घुबडाला दिसूं नये. तर्क मोहक आहे. पण दिव्याखालीं चमकणारी प्रत्येक वस्तु निसर्गानें मुद्दाम चमकावयास ठेवली, असें समजणें घाईचें. विंचवाच्या चमकण्याला अनेकांनीं अनेक प्रयोजनें सुचविलीं, आणि त्यांवर एकमत झालें नाहीं. कोयनेल तर कोणालाच खुणा करीत नाहीं!

तरीही या तर्कास एक आधार आहे. २००४ मध्यें लीना रोथ व आल्मुट केल्बर यांनीं दुसऱ्या एका निशाचर पालीवर प्रयोग करून दाखविलें कीं, ज्या अंधुक चांदण्यांत माणसाला सर्व कांहीं करडें दिसतें, तेथेंही तिला रंग ओळखतां येतात. तेव्हां चांदण्यांतील हिरवी रेघ पाहण्यास समर्थ असा डोळा पालींत असतो, एवढें खरें. नामिबची पाल ती पाहते काय, आणि पाहून कांहीं करते काय, याचा निकाल दिव्याखालीं लागण्यासारखा नाहीं; त्यासाठीं नामिबच्या वाळूंत, चांदण्या रात्रीं, दोन पालींना एकमेकींसमोर सोडूनच पाहावें लागेल.