एका संख्येचे दोन अवयव

६७ दोन मांडून त्यांचा परस्पर गुणाकार करावा व त्यांतून एक वजा करावा, म्हणजे १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही संख्या येते. हिला एक व ती स्वतः यांवांचून कशानेंहि निःशेष भाग जात नाहीं, अर्थात् ही मूळसंख्या होय, असें फ्रान्समधील धर्मगुरु मर्सेन यानें १६४४ सालीं सांगितलें. तें विधान १८७६ सालीं ल्यूकासनें खोडून काढलें. परंतु संख्येचे अवयव मात्र त्यालाहि सांपडले नाहींत! घरांत चोर आहे हें कळावें, पण तो कोठें दडला आहे हें कळूं नये, तसाच हा प्रकार.

१९०३ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्क येथील गणितज्ञांच्या सभेंत प्राध्यापक कोल यांनीं ते अवयव मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. एक शब्दहि न बोलतां त्यांनीं फळ्यावर गुणाकार केला, व या शोधांत तीन वर्षांचे रविवार खर्चीं पडले होते, अशी आख्यायिका आहे.

आज हेच अवयव संगणक क्षणांत देतो. पण शेंकडों अंकांच्या संख्येपुढें तोहि थबकतो. गुणाकार सोपा, उकल दुर्घट. याच विषमतेवर १९७७ सालीं रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनीं गुप्तलेखनाची रीत उभारली. कोल यांना ज्या अडचणीनें छळलें, तीच आज आपल्या गुपितांची राखण करीत आहे.