दिव्यांची अवस आणि पडद्यावरची चेटकीण

आषाढातल्या अमावास्येला आपण दिव्यांची अवस म्हणतो. त्या दिवशी समया, निरांजने, लामणदिवे घासूनपुसून पाटावर मांडायचे, त्यांच्याभोवती रांगोळी घालायची, कणकेचे दिवे उकडायचे आणि सांजवेळी घर उजळून टाकायचे, ही आपली जुनी रीत. छत्तीसगढात महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तिकडे हीच अमावास्या श्रावणाची ठरते. तिचे तिकडले नाव हरेली. शेतकरी नांगर, कुदळी धुऊन त्यांची पूजा करतात, मुले बांबूच्या गेडीवर चढून चिखलातून हिंडतात. आणि रात्र पडण्यापूर्वी दाराला कडुनिंबाचा डहाळा खोचला जातो. त्या रात्री टोनही, म्हणजे चेटकीण, मंत्र साधण्यासाठी बाहेर पडते अशी समजूत आहे.

रायपुरात मराठी वस्ती काही आजकालची नव्हे. १७५८ साली बिंबाजी भोसले रतनपुरास येऊन राहिले, तेव्हापासून नागपूरकरांचा अंमल आणि मराठी माणूस या प्रदेशात रुजला. पुढे १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्याने कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले, आणि मराठी घरेही या गावात वाढली. त्यामुळे रायपूरच्या एखाद्या गल्लीत एकाच संध्याकाळी एका उंबऱ्यावर दिवा आणि शेजारच्या दारावर कडुनिंब असे दृश्य दिसावे, यात नवल नाही. अंधाराचे भय एकच, त्यावरचे उपाय मात्र दोन. या भयाने गेल्या शतकात आणखी एक घर केले होते; ते घर म्हणजे चित्रपटगृह. त्याच्या इतिहासाविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

हिंदी भयपटांचा विषय निघाला की रामसे बंधूंचे नाव प्रथम येते. त्यांचे वडील फतेहचंद रामसिंघानी हे मूळचे रेडिओचे दुकानदार. फाळणीपूर्वी कराचीत त्यांचे दुकान होते, आणि इंग्रज गिऱ्हाइकांना 'रामसिंघानी' हे नाव उच्चारता येईना, म्हणून त्याचे 'रामसे' झाले, असे सांगतात. फाळणीनंतर कुटुंब मुंबईस आले आणि चित्रपटनिर्मितीत उतरले. १९७० साली त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा चित्रपट पडला. परंतु त्यात पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा घालून चोरी करतात असा एक प्रसंग होता, आणि प्रेक्षक त्या प्रसंगाला दाद देत होते. मुलांनी ते हेरले. सात भाऊ होते. कुणी कथा लिहावी, कुणी कॅमेरा सांभाळावा, कुणी ध्वनी, कुणी संकलन, आणि तुलसी व श्याम यांनी दिग्दर्शन करावे, अशी त्यांनी कामे वाटून घेतली. १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' या चित्रपटासाठी सारे कुटुंब महाबळेश्वरला जाऊन राहिले. नट नवखे, सेट उभारायचा नाही, आहे तोच बंगला वापरायचा, आणि जेवण घरच्या बायकांनी रांधायचे. सुमारे ४० दिवसांत आणि साडेतीन लाख रुपयांत चित्रपट तयार झाला, असे ते पुढे सांगत.

हे चित्रपट मुंबईच्या मोठ्या चित्रपटगृहांसाठी नव्हतेच. त्यांचा खरा प्रेक्षक लहान शहरांत, तालुक्याच्या गावांत होता. चित्रपटव्यवसायाने देशाचे जे विभाग पाडले, त्यांत विदर्भ आणि छत्तीसगढ 'सी. पी. बेरार' या एकाच विभागात पडले. मध्यप्रांत कधीच इतिहासजमा झाला. वितरकांच्या वहीत मात्र तो नांदत राहिला. नागपूर, अकोला, रायपूर, बिलासपूर ही गावे एकाच सूत्रात ओवलेली होती. रायपूरची श्याम टॉकीज, बाबूलाल टॉकीज ही नावे जुन्या रहिवाशांच्या तोंडी आजही आहेत. अशाच गावोगावच्या टॉकीजनी भयपटांना पोसले. १९८४ सालच्या 'पुराना मंदिर'ने तर त्या वर्षीच्या यशस्वी चित्रपटांत स्थान मिळविले. त्यात आपले सदाशिव अमरापूरकर होते, ललिता पवार होत्या. 'सामरी' या राक्षसाचे काम करणारे अजय अगरवाल हे रुडकीला शिकलेले अभियंता होते!

आता थोडे सातासमुद्रापलीकडे पाहू. याच सुमारास इटलीतही असाच धंदा चालला होता. तेथे १९५५ साली ८० कोटींहून अधिक तिकिटे विकली गेली होती. १९७६ साली तेथील घटना न्यायालयाने स्थानिक खाजगी दूरचित्रवाणीला मोकळीक दिली, घरोघरी चित्रपट फुकट दिसू लागले, आणि १९९० पर्यंत वर्षाच्या तिकिटांचा आकडा १० कोटींच्या खाली आला. मोठे निर्माते हटले, आणि मागे राहिले ते थोडक्या पैशांत भयपट काढून परदेशी विकणारे. तेही नावे बदलीत. उंबेर्तो लेन्झी या दिग्दर्शकाने १९८८ साली एक भुताटकीचा चित्रपट 'हम्फ्री हम्बर्ट' या इंग्रजी वळणाच्या नावाने काढला. १९८७ साली मिकेले सोआवी याने 'देलीरिया' हा पहिलाच कथापट दिग्दर्शित केला. एका नाट्यगृहात रात्री तालीम चालू आहे, दारे बंद आहेत, आणि घुबडाचा मुखवटा घातलेला खुनी आत आहे, एवढेच कथानक. खर्च वाचविण्याची तीच युक्ती: एक इमारत, एक रात्र, मूठभर नट. महाबळेश्वरचा बंगला आणि इटलीचे ते नाट्यगृह ही एकाच काटकसरीची दोन अपत्ये होत.

परंतु खरा मुद्दा काटकसरीचा नाही. इटलीच्या भयपटांत दोन घराणी आहेत, आणि दोहोंचा मूळपुरुष एकच, मारिओ बाव्हा. १९६० साली त्याने 'ला मास्केरा देल देमोनिओ' हा चित्रपट काढला. त्याच्या आरंभीच एका राजकन्येला चेटकीण ठरवून तिच्या चेहऱ्यावर आतून खिळे असलेला मुखवटा ठोकला जातो. आणि ही शिक्षा फर्मावणारा तिचा सख्खा भाऊ असतो. ती शाप देते आणि दोनशे वर्षांनी उठते. १९६४ साली याच बाव्हाने 'सेई दोन्ने पेर लासासीनो' काढला. त्यात भूत नाही, चेटूक नाही. चेहरा झाकलेला खुनी आहे, आणि आवरण दूर होताच मागे लोभी माणसे दिसतात. या दुसऱ्या घराण्यातूनच पुढे अमेरिकेतील खुनांच्या चित्रपटमालिका आणि 'देलीरिया'सारखे चित्रपट निघाले.

आपल्या हिंदी भयपटांनी मुख्यतः पहिले घराणे उचलले. 'पुराना मंदिर'मध्ये दोनशे वर्षांपूर्वी सामरीचा शिरच्छेद होतो आणि त्याचा शाप राजघराण्याच्या लेकीबाळींना छळतो. १९८८ सालच्या 'वीराना'मध्ये चेटकिणीला फाशी दिली जाते आणि तिचा आत्मा एका मुलीच्या देहात शिरतो. तिन्ही चित्रपटांचा प्रारंभ देहदंडाने होतो, आणि तिन्ही ठिकाणी एक गोष्ट निर्विवाद मानलेली असते: जिला वा ज्याला शिक्षा झाली, तो अपराधीच होता. गाव चुकले नव्हते.

श्रोते हो, इतिहासाची साक्ष नेमकी उलट आहे. इटलीतील लिगुरिया प्रांतात त्रियोरा नावाचे डोंगरी गाव आहे. १५८७ साली तेथे अन्नाचा दुष्काळ पडला, आणि दोष कुणावर तरी टाकावा म्हणून गावातल्या बायकांवर चेटकाचे खटले भरले गेले. स्वित्झर्लंडात आन्ना ग्योल्डी या मोलकरणीचा १७८२ साली शिरच्छेद झाला. ती निर्दोष होती हे अधिकृतपणे मान्य व्हायला २००८ साल उजाडावे लागले. दोन शतकांनी उठली ती चेटकीण नव्हे, उठला तो न्याय.

आणि हे परदेशातच घडले असे नाही. छत्तीसगढ राज्य २००० साली स्थापन झाले आणि २००५ साली त्याला टोनही प्रताडना निवारण अधिनियम करावा लागला. एखाद्या बाईला नुसते टोनही म्हटले तरी तीन वर्षांपर्यंत, आणि त्यावरून तिचा छळ केला तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद त्यात आहे. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. असे कायदे हौसेने होत नसतात. कुणाचे मूल दगावते, कुणाचा बैल मरतो, बैगा बोट दाखवितो. आणि ते बोट बहुधा एखाद्या एकट्या विधवेकडे वळते, जिच्या चार बिघे जमिनीवर कुणाची तरी नजर असते.

मग या भयपटांना दोषी धरावे काय? तसे करणे अन्यायाचे होईल. टोनहीची समजूत चित्रपटापेक्षा कितीतरी जुनी आहे. शिवाय तिकीट काढून आलेल्या माणसाला पडद्यावरचे भय लटके आहे हे ठाऊक असते. तो किंचाळतो, हसतो, मध्यंतरात शेंगदाणे खातो आणि घरी जाऊन निजतो. त्या सात भावांनी तुटपुंज्या साधनांतून जे उभे केले, त्याचे कौतुकच केले पाहिजे. आता तुलसी आणि श्याम हे दोघेही राहिले नाहीत. तुलसी २०१८ साली गेले, श्याम २०१९ साली. त्यांचे चित्रपट लावणाऱ्या कित्येक टॉकीजही मिटल्या. तो काळ आपल्या सांस्कृतिक इतिहासाचा भाग आहे, आणि इतिहासकाराने त्याला कमी लेखू नये.

मात्र पाहताना एक विवेक राखावा. भयाच्या दोन घराण्यांपैकी सत्याच्या अधिक जवळ आहे ते दुसरे. गावाने जिला टोनही ठरविले, तिच्या ठायी चेटूक सापडत नाही. मुखवटा असतो तो तिच्याकडे बोट दाखविणाऱ्याच्या तोंडावर, आणि तो काढला की आत ओळखीचाच माणूस निघतो: कधी शेजारी, कधी दीर, कधी सख्खा भाऊ.

कडुनिंबाचा डहाळा खोचणाऱ्या शेजाऱ्याला हसण्याचे कारण नाही. पावसाळ्याच्या रोगट दिवसांत कडुनिंब दारी असणे वाईट नव्हे. पण त्याच रात्री आपल्या उंबऱ्यावर जो दिवा लागतो, त्याचा उजेड अंगणापाशी थांबू नये. गल्लीच्या टोकाला एकटी राहणारी कुणी म्हातारी असेल, तर तिच्या दारापर्यंत तो पोहोचावा, आणि तिचा चेहरा सर्वांना माणसाचाच दिसावा.