सूर्यही धावतोय! आकाशगंगेत तारे नेमके फिरतात कसे?

सूर्य धूमकेतूसारखा पुढे पळतोय आणि ग्रह त्याच्या मागे गिरक्या घेत फरफटत चाललेत, असं दाखवणारा एक ॲनिमेशन व्हिडिओ सोशल मीडियावर अनेक वर्षं फिरतो आहे. तुमच्याही मोबाइलवर तो कधीतरी येऊन गेला असेल.

त्यातली एक गोष्ट खरी आहे. सूर्य खरोखरच धावतोय. पण ग्रह कायम त्याच्या मागे असतात, हे चूक आहे. सूर्यमालेची पातळी आकाशगंगेच्या तबकडीशी साधारण ६० अंशांनी कललेली आहे. त्यामुळे फिरता फिरता प्रत्येक ग्रह कधी सूर्याच्या पुढे जातो, तर कधी मागे येतो.

मग सूर्याची स्वतःची वाट कशी आहे?

एक फेरी, २३ कोटी वर्षांची

आपली आकाशगंगा ही एक चपटी तबकडी आहे. तिचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षं आहे. सूर्य तिच्या केंद्रापासून साधारण २६ हजार प्रकाशवर्षं दूर आहे आणि सेकंदाला सुमारे २३० किलोमीटर वेगाने केंद्राभोवती फिरतो. म्हणजे तासाला आठ लाख किलोमीटरपेक्षा जास्त!

तरीही एक फेरी पूर्ण व्हायला जवळपास २३ कोटी वर्षं लागतात. मागच्या वेळी सूर्य या टप्प्यावर होता, तेव्हा पृथ्वीवर डायनासोर नुकते कुठे अवतरत होते. सूर्याचं वय सुमारे ४६० कोटी वर्षं आहे, म्हणजे आतापर्यंत त्याच्या जेमतेम वीसेक फेऱ्या झाल्या आहेत.

नुसतं गोल नाही, वर-खाली आणि आत-बाहेरसुद्धा

मेरी-गो-राउंडवरचा घोडा गोल फिरताना वर-खालीही होतो. सूर्याचं तसंच आहे. तो तबकडीच्या मधल्या पातळीपासून वर गेला, की तबकडीतले तारे आणि वायू यांचं गुरुत्वाकर्षण त्याला परत खेचतं. पण झोका जसा मध्यावर न थांबता पलीकडे जातो, तसा सूर्यही खालच्या बाजूला निघून जातो. एका फेरीत असे साधारण तीन झोके होतात. सध्या सूर्य मधल्या पातळीच्या थोडा वर आहे आणि आणखी वर चालला आहे.

शिवाय तो केंद्राच्या किंचित जवळ येतो आणि पुन्हा लांब जातो. हे आत-बाहेर होणं फेरी पूर्ण होण्याआधीच संपून नव्याने सुरू होतं. त्यामुळे सूर्याची वाट कधीच जुळून बंद वर्तुळ होत नाही. ती कागदावर काढली, तर फुलाच्या पाकळ्यांसारखी नक्षी दिसेल.

तबकडीतला जवळपास प्रत्येक तारा असाच फिरतो. फरक असतो तो झोक्याच्या उंचीत. तरुण तारे मधल्या पातळीला धरून राहतात. म्हाताऱ्या ताऱ्यांना वाटेत वायूचे प्रचंड ढग आणि सर्पिल फाटे यांचे धक्के बसलेले असतात, म्हणून ते जास्त वर-खाली होतात.

हे कळलं कसं?

तारे इतके दूर आहेत, की त्यांची हालचाल डोळ्यांना जाणवत नाही. आकाशात सर्वांत वेगाने सरकणारा बर्नार्डचा तारासुद्धा चंद्रबिंबाएवढं अंतर कापायला सुमारे १८० वर्षं घेतो.

१९२७ मध्ये नेदरलँड्सचे खगोलशास्त्रज्ञ यान ऊर्ट यांनी सूर्याच्या आसपासच्या ताऱ्यांच्या वेगांवरून दाखवून दिलं, की आकाशगंगा एकसंध चाकासारखी फिरत नाही. आतल्या ताऱ्यांची फेरी लवकर पूर्ण होते, बाहेरच्यांची उशिरा. २०१३ मध्ये सोडलेल्या युरोपच्या ‘गाया’ यानाने तर शंभर कोटींहून जास्त ताऱ्यांची जागा आणि हालचाल मोजली.

आणि हिशोब चुकला

सूर्यमालेत लांबचे ग्रह हळू फिरतात. पृथ्वीचा वेग सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर, तर नेपच्यूनचा फक्त साडेपाच. कारण इथलं जवळपास सगळं वस्तुमान सूर्यातच आहे. आकाशगंगेतही दिसणारे बहुतेक तारे आतल्या भागात आहेत. तेव्हा बाहेरच्या ताऱ्यांचा वेग बराच कमी भरायला हवा होता.

तो तितका कमी भरत नाही. १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी शेजारच्या देवयानी दीर्घिकेतही हेच पाहिलं. एवढ्या वेगाने फिरणारे तारे बाहेर फेकले का जात नाहीत? बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते, त्यांना धरून ठेवणारं बरंचसं वस्तुमान आपल्याला दिसतच नाही. त्यालाच डार्क मॅटर किंवा कृष्ण पदार्थ म्हणतात.

तो नेमका कशाचा बनलेला आहे, हे अजून कोणालाही ठाऊक नाही. तो आहे याचा एक मोठा पुरावा मात्र ताऱ्यांच्या या धावण्यातच मिळतो.